घड्याळ सहावरच

प्रल्हाद देवस्थळींना मराठीतून फोन येणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. कोबेत चोपन्न वर्षं काढलेल्या माणसाला मराठीतून फोन करणार तरी कोण? अलिबागला थोरला भाऊ होता तोवर दिवाळीला त्याचा यायचा. बायको मिचिको जपानी, तीही सात वर्षांपूर्वी गेली. मुलगी नैनाला मराठी सगळं समजायचं, उत्तर ती जपानीत द्यायची आणि भांडायची मात्र मराठीत. जपानीत मनासारखं भांडता येत नाही, असं तिचं म्हणणं.

म्हणून २०१३च्या ऑक्टोबरात एका सकाळी फोनवर "नमस्कार, देवस्थळी काका का?" असं ऐकू आलं तेव्हा प्रल्हादरावांनी आधी खुर्ची ओढली आणि बसून घेतलं.

"मी अक्षया. सेंदाईहून बोलतेय. इथे युनिव्हर्सिटीत पीएचडी करते. मूळची पुण्याची."

"विषय काय?"

"आफ्रिकेतल्या देशांचा स्वातंत्र्यलढा."

पुण्याची पोर, जपानात बसून, आफ्रिकेचा अभ्यास करते. प्रल्हादरावांना याची गंमत वाटली आणि त्यांनी ती बोलूनही दाखवली. अक्षया हसली. मग म्हणाली, "काका, तुमचं अक्षर माझ्यासमोर आहे."

ते कसं, हे तिनं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये सेंदाईला भूकंप झाला तेव्हा युनिव्हर्सिटीच्या कोठारातली सगळी कपाटं आडवी झाली. तेव्हापासून एकेक वस्तू उचलून तिची नव्यानं नोंद करायचं काम चाललं होतं. त्यात अगदी तळाशी एक खोका निघाला. कोबेच्या एका भारतीय पेढीनं, धंदा बंद करताना, आफ्रिकेला पाठवलेल्या कापडाचे नमुने तिथल्या कुणा प्रोफेसरला देऊन टाकले होते. पेढीची बाकी सगळी कागदपत्रं पंचाण्णव साली कोबेच्या भूकंपात गेली. एका भूकंपानं नेलं आणि दुसऱ्यानं हा एवढा खोका काढून दिला.

"त्यात एक कांगा आहे. टांगानिकाच्या स्वातंत्र्याचा, एकसष्ट सालचा," अक्षया म्हणाली. "आणि त्याला पिन केलेल्या चिठ्ठीवर चक्क देवनागरी! इथे कुणालाच वाचता येईना. प्रोफेसरांना वाटलं संस्कृत आहे."

"काय लिहिलंय?" प्रल्हादरावांनी विचारलं. त्यांना ते पाठ होतं.

अक्षयानं वाचलं. "'उहुरू कांगा. घड्याळ ६ वरच. कि. पुन्हा विचारतो. सांगितले, तसेच छापा. प्र. दे.' काका, प्र. दे. म्हणजे तुम्ही, ते कोबेच्या जुन्या भारतीय मंडळींकडून कळलं. पण हा 'कि.' कोण?"

"आठवत नाही," प्रल्हादराव म्हणाले. "फार जुनं झालं ते. उद्या फोन कर."

त्यांनी फोन ठेवला. आठवत नाही म्हणे! गेल्या बावन्न वर्षांत असा महिना गेला नसेल की 'कि.' त्यांना आठवला नाही.

*

एकसष्ट साली प्रल्हाद देवस्थळी पंचवीस वर्षांचा होता आणि वेलजीशेठच्या पेढीत कारकून होता. हुद्दा कारकुनाचा, कामं विचाराल तर पत्रव्यवहार, बंदरावरच्या फेऱ्या, खोक्यांवरचे पत्ते, आणि मुख्य म्हणजे दुभाषेपण. शेठला गुजराती सोडून काही येत नव्हतं आणि छपाईवाल्यांना जपानी सोडून. मधे हा अलिबागचा मुलगा. मुंबईच्या कापडबाजारात गुजराती शिकला होता, आणि कोबेत आल्यावर दोन वर्षांत जपानी. शेठनं त्याला बोलावून घेतलं होतं, त्याचे राहण्याचे कागद शेठच्या सहीवर होते. शेठची मर्जी फिरली तर पुढच्या बोटीनं घरी, इतकं ते सरळ होतं.

पेढीचा माल आफ्रिकेला जायचा. ऑफिसच्या भिंतीवर त्या खंडाचा एक मोठा नकाशा होता. इंग्रजांचा मुलूख गुलाबी, फ्रेंचांचा जांभळा, पोर्तुगीजांचा हिरवा, बेल्जियमचा पिवळा. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वी युरोपातले काही लोक बर्लिनला एका टेबलाभोवती बसले आणि पट्टीनं रेघा मारून त्यांनी हा खंड वाटून घेतला, तिथे राहणाऱ्यांपैकी एकालाही न विचारता. त्या रेघा त्या नकाशावर अजून तशाच होत्या. पण खाली देश बदलत चालले होते. एकट्या साठ सालात सतरा देश स्वतंत्र झाले. खोक्यांवर पत्ता रंगवायचे पत्र्याचे साचे प्रल्हादला दर महिन्याला नवे कापून आणावे लागत. शेठ नवा नकाशा घ्यायला तयार नव्हता. "पहिला ठरी जवा दो," म्हणायचा, आधी ठरू द्या त्यांचं. म्हणून प्रल्हाद जुन्याच नकाशावर कागदाचे तुकडे कापून डकवायचा आणि त्यावर नवी नावं लिहायचा. हे काम त्याला मनापासून आवडायचं. एखादं गुलाबी चिठोऱ्याखाली झाकलं गेलं की त्याला स्वतःलाच काहीतरी मिळाल्यासारखं वाटायचं.

टांगानिकाचा नंबर एकसष्टच्या डिसेंबरात होता. आधी जर्मनांनी राज्य केलं, ते महायुद्ध हरले तेव्हा इंग्रजांनी ताबा घेतला, आणि आता इंग्रजही निघाले होते. दार-ए-सलामच्या गुजराती व्यापाऱ्याचं पत्र आलं: स्वातंत्र्याचे कांगे हवेत, लवकर. कांगा म्हणजे तिकडच्या बायका कमरेला आणि खांद्यावर गुंडाळतात ते चौफेर किनारीचं कापड, मधे चित्र आणि खाली एक ओळ. चित्र त्यानं सांगितलं होतं: डोंगर, डोंगरावर मशाल, वर तारे, खाली 'उहुरू', म्हणजे स्वातंत्र्य. आणि एका बाजूला घड्याळ, झेंडा चढतो त्या वेळेचं. वेळ त्यानं तिकडच्या स्वाहिली भाषेत लिहिली होती, 'साआ सिता उसिकू'.

ऑफिसात कुणा पाद्र्यानं केलेला जुना शब्दकोश होता. प्रल्हादनं तो उघडला. साआ म्हणजे तास किंवा घड्याळ. सिता म्हणजे सहा. उसिकू म्हणजे रात्र. सीता म्हणजे सहा, हे त्याला फारच मजेदार वाटलं, आणि त्या मजेत तो पुढचा विचार करायचा विसरला. रात्रीचे सहा, म्हणजे संध्याकाळचे सहा. बरोबरच आहे, झेंडा सूर्यास्तालाच उतरवतात, इंग्रजांचा उतरला की यांचा चढेल. स्वतःच्या देशाचं स्वातंत्र्य कोणत्या वेळेला आलं, एवढं जरी आठवलं असतं तरी पुरलं असतं. पण शहाण्या माणसाला नको तिथे शहाणपण सुचतं.

कापड छापायला दिलं वाकायामाच्या किनोशिताकडे. हाच तो 'कि.'.

किनोशिता चाळिशीचा, हडकुळा, बोटांची नखं कायम निळी. वीस वर्षं एका मालकाकडे छपाई करून दोन वर्षांपूर्वीच त्यानं स्वतःची दोन टेबलं टाकली होती. बायको योशिए हाताशी. हा कांगा म्हणजे त्याला मिळालेलं पहिलं मोठं काम. त्यानं चित्र पाहिलं आणि खालच्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, याचा अर्थ काय? प्रल्हाद म्हणाला, 'दोकुरित्सु.' स्वातंत्र्य.

किनोशिताचा चेहरा एकदम फुलला. जपानीत देश स्वतंत्र होतो त्यालाही दोकुरित्सु म्हणतात आणि कामगार मालकाकडून निघून स्वतःचं दुकान टाकतो त्यालाही. "म्हणजे आमच्यासारखंच," तो म्हणाला. "आमचंही दोकुरित्सु नुकतंच झालंय."

मग त्यानं घड्याळाबद्दल विचारलं. आकाशात तारे आहेत, मशाल पेटलीय, मग सहा कसे? प्रल्हाद म्हणाला, तिकडे लवकर अंधारतं. चार दिवसांनी साचा कोरायच्या आधी किनोशितानं स्टेशनवरून फोन करून पुन्हा विचारलं. प्रल्हाद तेव्हा घाईत होता. "सांगितलं ना एकदा, तसंच छापा," म्हणाला, आणि शिस्तीचा कारकून म्हणून नमुन्यावरच्या चिठ्ठीत तशी नोंदही केली. मराठीत, कारण स्वतःपुरती टिपणं तो मराठीतच करायचा.

माल गेला. बोट निघून आठवडा झाला आणि शेठला कुणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखवलं: टांगानिकाचा झेंडा मध्यरात्री बाराच्या ठोक्याला चढणार. शेठनं नमुना मागवला, घड्याळ पाहिलं आणि ऑफिस डोक्यावर घेतलं. किनोशिताला निरोप गेला.

तो धुतलेला कोट घालून आला, उभाच राहिला, कमरेत वाकला आणि वाकूनच बोलायला लागला. जे बोलला ते प्रल्हादच्या कानात अजून होतं. "सहा वाजलेले मला विचित्र वाटले होते. मी देवस्थळी-सानना दोनदा विचारलं. त्यांनी तसंच छापा म्हणून सांगितलं. पण छापणारा हात माझा. मी तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं, नाहीतर थेट तुमच्याकडे यायला हवं होतं. मोशिवाके गोझाइमासेन." माझ्याकडे सबब नाही.

शेठनं प्रल्हादकडे पाहिलं. शुं कहे छे? काय म्हणतोय?

प्रल्हादच्या डोळ्यांपुढे बोट आली. तो म्हणाला, "भूल मारी छे."

चूक माझी आहे. तीन शब्द. दुभाष्या 'मी' म्हणतो तेव्हा तो 'मी' समोरच्याचा असतो, हे शेठला ठाऊक होतं आणि प्रल्हादलाही.

"एवढं बोलला आणि एवढंच?" शेठनं विचारलं.

"हां शेठ, जपानी लांबट भाषा आहे."

पुढे कित्येक वर्षं प्रल्हादरावांनी स्वतःची समजूत घातली ती याच तीन शब्दांवर. मी खोटं कुठे बोललो? चूक माझी आहे असंच तर म्हणालो, माझ्याच तोंडानं. शेठनं ते त्याचं समजलं त्याला मी काय करू? माणूस स्वतःशी किती नामी वकिली करतो! गंमत म्हणजे तोंडात हे शब्द होते तेव्हा हाताशी कापड होतं आणि त्यावर मोठ्या अक्षरात स्वातंत्र्य छापलेलं होतं. स्वतः वाचून, अर्थ लावून, छापून घेतलेलं.

शेठनं किनोशिताचं काम थांबवलं. प्रल्हादकडे जरा रागानं पाहिलं, तेवढ्यावर निभावलं.

तक्रार काही आली नाही. उलट फेब्रुवारीत दार-ए-सलामहून पत्र आलं: कापड हातोहात गेलं, अजून पाठवा, अगदी तसंच, घड्याळासकट. शेठ पोट धरून हसला. "एमने घडियाळ क्यां वांचता आवडे छे!" त्यांना कुठे घड्याळ वाचता येतं! प्रल्हादही हसला, सुटल्यासारखा हसला. दुसरी खेप एका मोठ्या कारखान्याला दिली. तिथे कुणी काही विचारलं नाही, घड्याळ सहावरच छापलं. किनोशिताला परत बोलवायचं शेठच्या मनात आलं नाही, आणि प्रल्हादनं आठवण करून दिली नाही. वर्षभरात कानावर आलं की त्यानं दोन्ही टेबलं मोडली आणि तो जुन्या मालकाकडे परत गेला.

*

दुसऱ्या दिवशी अक्षयाचा फोन आला तो मोठ्या उत्साहात.

"काका, ते राहू दे, 'कि.' मला सापडला. किनोशिता. खोक्यात तुमच्या शेठनं कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या इंग्रजी पत्राची कॉपी आहे, त्यात लिहिलंय की घड्याळाची चूक छपाईवाल्या किनोशिताची. या नमुन्यांचं आम्ही एक्झिबिशन करतोय, त्याच्या लेबलवर प्रोफेसरांनी लगेच तसंच टाकलं. मी म्हटलं, सर, ही चूकच नाही!"

"चूक नाही म्हणजे?"

"अहो, स्वाहिली वेळ! तिकडे दिवस मोजतात सूर्योदयापासून. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आपल्याकडे प्रहर मोजायचे ना सूर्य उगवल्यापासून, तसंच. मग रात्रीचे बारा म्हणजे किती? सहा! साआ सिता उसिकू म्हणजे मध्यरात्रच. पूर्वी कितीतरी लोक घड्याळही तसंच लावायचे."

प्रल्हादरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी फिल्डवर्कला गेले होते ना, दार-ए-सलामला, तेव्हा एका आजींनी ट्रंकेतून हाच कांगा काढून दाखवला होता. त्या म्हणाल्या, सरकारी घड्याळं सगळी इंग्रजांची वेळ दाखवायची. इतके कांगे निघाले त्या वर्षी, पण आमची वेळ होती ती फक्त या एकावर. म्हणून सगळ्यांना हाच हवा होता. काका, मराठीत सांगायचं तर इंग्रजांचे बारा वाजले तेव्हा त्यांचे सहा वाजले होते!" अक्षया स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसली. "आणि हे कुणी केलं? तुम्ही! लेबलवर तुमचं नाव टाकणार आहोत आम्ही."

त्यांना कुठे घड्याळ वाचता येतं. प्रल्हादरावांना शेठचं हसणं ऐकू आलं, आणि त्यात मिसळलेलं आपलं. नकाशावर चिठोरी डकवणारा तो मुलगा, स्वतः गुलामीत जन्मलेला, साहेबासारखाच हसला होता. बावन्न वर्षं त्याला एकदाही वाटलं नाही की त्या बायकांनी घड्याळ नीट वाचलं असेल आणि वाचता आपल्यालाच आलं नसेल.

"किनोशितांचं नाव टाका," ते म्हणाले.

"टाकायचंच होतं. पण त्यांच्या मिसेस नको म्हणाल्या."

"योशिए-सान? आहेत?"

"आहेत, वाकायामाला. अठ्ठ्याऐंशीच्या. मिस्टर नव्याण्णव साली गेले. तिथल्या छपाईवाल्यांच्या संघानं आज सकाळी नंबर दिला. मी परवानगीसाठी फोन केला, तर म्हणाल्या, 'नाव घालू नका, ते काम आमच्याकडून बिघडलं होतं.' मी स्वाहिली वेळेचं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'तुम्ही फार चांगल्या आहात, पण नाव नको.' लेबलं पुढच्या सोमवारी छपाईला जाणार आहेत, काका. मग राहिलंच."

संध्याकाळी नैना भाजी घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं, शेठसमोरचे तीन शब्दसुद्धा. ती पन्नाशीला आली होती, शाळेत शिकवत होती, आणि हे तिनं कधीच ऐकलं नव्हतं. आईनंही ऐकलं नव्हतं.

"पण चूक नव्हतीच, तर माफी कसली मागणार?" हे तिनं मराठीत विचारलं, म्हणजे भांडायची तयारी होती. "बरंच झालं की. कुणाचीच चूक नाही. त्या बाईंना या वयात कशाला उकरून त्रास?"

खरं सांगायचं तर दिवसभर प्रल्हादराव हेच घोळवत होते. चूक नाही म्हटल्यावर गुन्हेगारही नाही. इतकी सोयीची सुटका पुन्हा मिळाली नसती. पण नैनाच्या तोंडून ते ऐकलं आणि त्यांना त्यात आपली जुनी वकिली ओळखू आली.

"कापडात चूक नव्हती," ते म्हणाले. "मी शेठसमोर केली ती होतीच की. त्या माणसाला न झालेल्या चुकीसाठी घालवलं आम्ही. शनिवारी मला वाकायामाला घेऊन चल."

नैनानं पिशवीतली भाजी काढून ओट्यावर ठेवली. "हाय," ती म्हणाली. जपानीत, म्हणजे कबूल.

*

योशिए-सानचं घर रेल्वेलाइनीला लागून होतं. दारात सोललेली पर्सिमनची फळं दोरीला वाळत टांगली होती. त्या स्वतः दार उघडायला आल्या, वाकलेल्या, पण नजर लख्ख. कोबेच्या पेढीतले देवस्थळी, असं नैनानं फोनवर सांगितलंच होतं. त्यांनी चहा आणला, संत्री सोलून ठेवली, एवढ्या लांब येण्याची तसदी घेतलीत म्हणून तीनतीनदा आभार मानले.

प्रल्हादरावांनी गाडीत वाक्यं पाठ केली होती. गुडघे साथ देत नव्हते तरी ते तातामीच्या चटईवर उतरले, हात टेकले आणि सगळं सांगितलं. तुमच्या पतींनी मला विचारलं होतं. मीच तसं छापायला सांगितलं. शेठसमोर ते हे सगळं बोलले, आणि मी ते शेठला सांगितलंच नाही. चूक माझी आहे एवढंच, त्यांच्या नावावर, सांगितलं. माझ्यामुळे तुमचं काम गेलं.

योशिए-सान त्यांच्याहून खाली वाकल्या. "फार जुनी गोष्ट आहे. कृपा करून डोकं वर करा. त्या काळी सगळ्यांचेच हाल होते, तुम्ही तर परक्या देशात होतात. चहा निवतोय."

संपलं. प्रल्हादराव उठून बसले, चहाचा घोट घेतला आणि त्यांना हलकं वाटायला लागलं. मग त्यांनी योशिए-सानच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिनं त्यांच्या शब्दांचं उत्तर दिलं होतं, शब्द आत घेतलेच नव्हते. चोपन्न वर्षांत एवढं जपान त्यांना कळत होतं. आलेल्या पाहुण्याला ओशाळं होऊ द्यायचं नाही, म्हणून तो जे म्हणेल त्यावर मान डोलवायची. तिच्या लेखी हा एक भला म्हातारा होता, मेलेल्या माणसाची अब्रू राखायला लांबून आलेला.

त्यांनी नैनाला खूण केली. अक्षयानं पाठवलेला चिठ्ठीचा फोटो तिनं मोठा करून छापून आणला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"हे मी त्याच वेळी लिहिलं होतं," ते म्हणाले. "एकसष्ट सालच्या ऑक्टोबरात. आमच्या भाषेत आहे. माल जायच्या आधीचं."

योशिए-साननी चष्मा लावला. "कुठे काय आहे?"

त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवून अर्थ सांगितला. "हे घड्याळ. हा सहाचा आकडा. हे किनोशिता-सान, नावाचं पहिलं अक्षर. हे 'पुन्हा'. आणि हे 'विचारतो'."

"पुन्हा?"

"पुन्हा. एकदा समोरासमोर विचारलं होतं. हे दुसऱ्यांदा, स्टेशनवरून फोन केला त्या वेळचं."

म्हातारीनं कागद जवळ ओढला. वाचता येत नव्हतं तरी 'विचारतो'वर तिनं स्वतःचं बोट ठेवलं. बाहेरून एक गाडी गेली, कपबश्या थोड्या हलल्या.

"ते म्हणायचे," ती हळूहळू बोलायला लागली, आणि आता तिच्या बोलण्यातला पाहुण्यांसाठीचा सूर गेला होता. "मी दोनदा विचारलं होतं म्हणायचे. मी म्हणायची, विचारलं असतं तर असं झालं असतं का? तुम्ही लाजाळू, तुम्ही मोठ्या माणसांपुढे तोंड उघडत नाही, तुम्ही विचारलंच नसणार. मालकाकडे परत गेले त्या दिवशी म्हटलं. पुढेही मी म्हणत राहिले. काही बिघडलं की म्हणायची, या वेळी तरी विचारलंत का? अडतीस वर्षं." तिनं चष्मा काढला. "शेवटी शेवटी ते सांगायचेच बंद झाले. मला वाटलं, कबूल केलं त्यांनी."

नैनानं तिच्या पाठीवर हात ठेवला. प्रल्हादरावांना वाटलं होतं, आपण एका माणसाचं दुकान घालवलं. त्याच्या घरातलं काय काय घालवलं त्याची त्यांना कल्पनाच नव्हती. त्यांना रडू फुटलं, आणि या वयात ते आवरायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

रडून झाल्यावर योशिए-साननी नाक पुसलं, खणातून पेन्सिल काढली आणि एका कागदावर नवऱ्याचं पूर्ण नाव ठळक अक्षरांत लिहून नैनाकडे दिलं. "सेंदाईच्या त्या मुलीला द्या. किनोशितातलं 'शिता' बरोबर आलं पाहिजे, लोक चुकवतात. आणि त्यांनी विचारलं होतं, हेही घालायला सांगा."

मग ती उठली. कोपऱ्यात बुत्सुदान होतं, घरातल्या मेलेल्यांचं लहानसं लाकडी देवघर. तिनं त्याची दारं उघडली. आत किनोशिताचा फोटो होता. प्रल्हादरावांच्या आठवणीतला तो चाळिशीचा, हा सत्तरीच्या पुढचा, पण हडकुळा तसाच. तिनं उदबत्ती लावली, घंटी वाजवली आणि बाजूला सरकून जागा केली.

"इथे वाचा," ती म्हणाली. "जसं लिहिलंय तसं, तुमच्या भाषेत."

"पण त्यांना ते कळणार नाही," प्रल्हादराव म्हणाले.

"त्या दिवशीही तुम्ही काय बोललात ते त्यांना कळलं नव्हतं. तरी ते उभे राहून ऐकत होतेच ना?"

प्रल्हादरावांनी कागद हातात घेतला आणि फोटोसमोर गुडघे टेकले. "घड्याळ सहावरच," त्यांनी वाचलं. "किनोशिता पुन्हा विचारतो."

मग कागद खाली ठेवून ते म्हणाले, "भूल मारी छे." आणि कुणी विचारायच्या आत त्याचं जपानी करून सांगितलं.